न केलेला फोन

टीव्ही मालिकांच्या धंद्यात एक फोन असा असतो, जो करायला कुणीच राजी नसतं. एखाद्या नटाचा प्रवेश संपादनात कापला गेला, की भाग दाखवायच्या आधी त्याला तसं कळवायचं. हे कुठल्या करारात लिहिलेलं नाही, पण रीत आहे, आणि चांगली रीत आहे. कारण लॉस एंजेलिसमध्ये चार वाक्यांचं काम मिळालेला माणूस गप्प बसत नाही. तो आईला सांगतो, शेजाऱ्याला सांगतो, दाढ काढायला गेला तर तोंडात कापूस असताना डॉक्टरलाही सांगतो. मग त्या संध्याकाळी सगळा गोतावळा टीव्हीसमोर जमतो आणि हा पडद्यावर येतच नाही. अशी फजिती कुणाची होऊ नये, म्हणून तो फोन.

वेंडल प्रुइटने तो फोन केला नव्हता. आज करू, उद्या करू, म्हणता म्हणता मंगळवार उजाडला होता, आणि भाग आज संध्याकाळी आठला लागणार होता.

मालिकेचं नाव ‘सातवा मजला’. सहा मजल्यांच्या एका सरकारी इमारतीत सातवा मजलाही आहे आणि तिथे अचाट शक्ती असलेले हेर बसतात, अशी कल्पना. हॉलिस नावाची हेर भिंतीतून आरपार जाते, बक नावाचा हेर अदृश्य होतो, आणि दर आठवड्याला दोघं मिळून जग वाचवतात. वेंडल या मालिकेच्या लेखकांपैकी एक. चाळिशी ओलांडलेला, केस विरळ झालेले, कामाला चोख. लेखकांच्या खोलीत दहा जणं मिळून गोष्ट रचत, पण एकेका भागावर एकेकाचं नाव लागे. आजच्या भागावर त्याचं नाव होतं.

त्या भागात एक म्हातारा होता. निवृत्त हेर. त्याची शक्ती एवढीच, की एकदा पाहिलेला चेहरा तो विसरू शकत नसे. हॉलिस त्याच्याकडे एक पत्ता मागायला येते, तो पत्ता देतो, आणि देताना दोन मिनिटं बोलतो. या कामासाठी ह्रांत मझमान्यान नावाचा नट आला होता. सत्तरी गाठलेला, भरघोस भुवयांचा, येरेवानच्या रंगभूमीवर तीस वर्षं काम करून उतारवयात ग्लेंडेलला लेकीकडे राहायला आलेला आर्मेनियन. इथे त्याला बंदुकांचा दलाल, अपहरण करणारा किंवा बंदुकांच्या दलालाचा भाऊ, याखेरीज काही मिळत नसे.

“इथं आल्यापासून मी इतक्यांदा मेलोय,” चित्रीकरणाच्या दिवशी तो वेंडलला म्हणाला होता, “की बायकोनं रडणं सोडून दिलंय. या वेळी मी मरत नाही ना?”

“नाही.”

“बंदूक?”

“बंदूकही नाही.”

“मग मी करू काय?”

“बोला,” वेंडल हसत म्हणाला होता.

आणि ह्रांत बोलला. “मला सगळे चेहरे आठवतात, पोरी. ज्यांना वाचवलं त्यांचे, आणि ज्यांची नावं मी सांगून टाकली त्यांचे. दुसरे जास्त स्पष्ट.” एवढं बोलून तो मध्येच थांबला. इतका थांबला, की संहिता धरून बसलेल्या बाईला वाटलं, गडी विसरला. ती शब्द सुचवायला पुढे सरकली, तेव्हा दिग्दर्शकाने हात वर करून तिला अडवलं. मग ह्रांत पुढचं वाक्य बोलला. प्रवेश संपल्यावर सेटवर टाळ्या वाजल्या. एका दिवसाच्या नटासाठी तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही. आवाजवाल्याने कानांवरचं यंत्र काढून डोळे पुसले. सगळे ह्रांतभोवती गोळा झाले, आणि वेंडल कॉफीच्या टेबलापाशी एकटाच उभा राहिला. त्याच्याकडे एकच जण आला, तोही विचारायला, की ही वाक्यं म्हाताऱ्याने स्वतःच बसवली का. वेंडलने हसून नकारार्थी मान हलवली, पण ते त्याला लागलं. त्या टाळ्यांच्या भरात, किंवा लागलेलं झाकायला म्हणा, त्याने जाताना ह्रांतला मिठी मारली आणि स्वतःचा नंबर दिला.

पुढे संपादनात भाग अडीच मिनिटं लांबला. मालिकेची मुख्य सूत्रधार मॉरीन टॅगर्ट, स्पष्टवक्ती बाई. तिने वेंडलला बोलावून घेतलं.

“म्हातारा जाईल, नाहीतर लिफ्ट जाईल,” ती म्हणाली. “भाग तुझा आहे. तू सांग.”

लिफ्ट म्हणजे वेंडलचा लाडका विनोदी प्रवेश. अदृश्य झालेला बक एका लिफ्टमध्ये अडकतो. सोबत एक म्हातारी आणि तिचा कुत्रा. म्हातारीला तो दिसत नाही, पण कुत्र्याला वास येतो आणि तो बकचे हात चाटू लागतो. बकला गुदगुल्या होतात, तो फिसकन हसतो, आणि म्हातारीला वाटतं आपला मेलेला नवराच आला. मग ती त्याला आयुष्यभराचं साचलेलं ऐकवते. तीन वर्षं वेंडलने हा प्रवेश मनात जपून ठेवला होता.

“म्हाताऱ्यावाचून गोष्ट अडत नाही,” तो म्हणाला. “हॉलिसच्या तोंडी एक वाक्य घातलं की झालं. लिफ्ट काढली तर भाग कोरडा पडेल.”

“नक्की?”

“नक्की.”

मॉरीनने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. “मग त्याला फोन तू कर. भला माणूस आहे.”

दोन दिवसांनी तिने विचारलं, “केलास ना?”

“केला.”

“काय म्हणाला?”

“समजून घेतलं बिचाऱ्यानं,” वेंडल म्हणाला. खोटं इतकं सहज आलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. संध्याकाळी करून टाकू म्हणजे ते खोटं राहणार नाही, असं त्याने मनाला समजावलं. संध्याकाळी फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि आईस्क्रीम आणायला बाहेर पडला.

सोमवारी ह्रांतचाच निरोप आला. ‘वेंडल-जान, उद्या आमच्या घरी सगळे जमतायत. तू आलास तर माझ्या बायकोला फार आनंद होईल. लेखक कसा दिसतो ते तिला बघायचंय.’ खाली पत्ता.

वेंडलने तो निरोप दोनदा वाचला. आता फोन करणं म्हणजे आमंत्रणाला उत्तर म्हणून थोबाडीत मारण्यासारखं होतं. त्यापेक्षा लवकर जाऊ, त्याला बाजूला घेऊ, तोंडावर सांगू, माफी मागू आणि निघू, असं त्याने ठरवलं. लोक जमायच्या आत ह्रांत चार घरी फोन फिरवून कार्यक्रम रद्द करील. यात एक प्रकारचा मर्दपणाही आहे, असं त्याला वाटलं. फोन टाळणारा माणूस अशा वेळी स्वतःला फार शूर समजतो.

सहाला पोहोचायचं म्हणून निघाला, पण हमरस्त्यावर गाड्या तुंबलेल्या. साडेसहाला त्याने ग्लेंडेलच्या त्या इमारतीखाली गाडी लावली. हातात वाईनची बाटली. ह्रांत खालीच उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, सिगारेट ओढत, एका हातात फोन.

“ह्रांत, बरं झालं खालीच भेटलात,” वेंडल म्हणाला. “मला तुमच्याशी थोडं—”

“आधी वर चल.”

“दोनच मिनिटं. जरा महत्त्वाचं आहे.”

“महत्त्वाचं जेवल्यावर,” ह्रांतने सिगारेट विझवली आणि त्याच्या दंडाला धरलं. पकड म्हाताऱ्याची नव्हती. “रिकाम्या पोटी आमच्यात कुणी महत्त्वाचं बोलत नाही.”

वर दार उघडं होतं, आणि दारातूनच वेंडलच्या लक्षात आलं, की उशीर झाला. तीसेक माणसं आधीच आत होती. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. टेबलावर लवाश रोट्यांची चळत, पनीर, हिरव्या पालेभाज्यांच्या जुड्या, बस्तुरमाच्या, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या, लालभडक चकत्या, आणि द्राक्षाच्या पानांत वळलेल्या डोलमांची एवढी मोठी परात, की ती धरायला दोघं लागली असती. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला कुणीतरी फुगे बांधले होते.

“हा लेखक,” ह्रांत म्हणाला, आणि सगळं घर उठून उभं राहिलं.

त्याची बायको आरुस ठेंगणी, गोल चेहऱ्याची. तिने पिठाचे हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि वेंडलचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. तिला इंग्रजी बेताचंच येत होतं. जे येत होतं त्यात ती म्हणाली, “बारीक आहेस. खा.”

मग आला पुतण्या वाझगेन. टायरच्या दुकानाचा मालक, दारात मावेल न मावेल असा. “काकाला मारायचं नाही, हे तूच ठरवलंस ना?” त्याने वेंडलचा हात स्वतःच्या पंजात घेतला. “आत्तापर्यंत सगळ्यांनी मारला रे त्याला. एका मालिकेत तर नावही सांगायच्या आत मारला. मी तर बघणंच सोडलं होतं. आज बघतोय. तुझ्या गाडीचे टायर कसे आहेत?”

“बरे आहेत.”

“बरे म्हणजे वाईट. उद्या दुकानात ये. पैशाचं नाव काढायचं नाही.”

वेंडलने दोनदा ह्रांतला गाठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ह्रांतने त्याच्या हातात ताट दिलं. दुसऱ्यांदा स्वतः लवाशात पनीर आणि पाला गुंडाळून थेट त्याच्या तोंडाशी धरलं, लहान मुलाला भरवतात तसं, आणि बोलायला उघडलेल्या तोंडात घास गेला. ताट रिकामं झालं की आरुस भरत होती. डोलमा अप्रतिम होते, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हते. शरमेचीही एक चव असते, ती त्या संध्याकाळी त्याला प्रत्येक घासाला लागत होती.

ह्रांतची नात तालीन कॉलेजात होती. ती एक वाडगा घेऊन फिरली आणि सगळ्यांचे फोन जमा केले. “पूर्वेकडं हा भाग कधीच दाखवून झालाय,” ती म्हणाली. “तीन तास पुढं आहेत ते. कुणी फोन उघडला आणि कळलं, तर मजा जाईल. आजोबा, तुमचा?”

“माझा बंद आहे,” ह्रांत म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

आठ वाजले. दिवे मालवले. वेंडलला मधली खुर्ची दिली होती, ह्रांतच्या शेजारची; आता तिथून उठून काही सांगणं म्हणजे तीस माणसांसमोर सांगणं. ते त्याच्याने होणार नव्हतं. सुरुवातीला त्याचं नाव पडद्यावर आलं, तेव्हा टाळ्या पडल्या आणि वाझगेनने मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली. आपलं नाव बघून खाली मान घालावीशी वाटण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

पंधरा मिनिटं गेली. हॉलिस एका जुन्या इमारतीचा जिना चढून गेली. आरुसने ह्रांतचा हात धरला. हॉलिस दारापाशी पोहोचली, तिने टकटक केली, आणि पुढच्या क्षणी ती रस्त्यावर बकबरोबर चालत होती. पाठमोरी होती, म्हणून ओठ दिसत नव्हते, आणि तिचा नंतर भरलेला आवाज म्हणाला, “म्हाताऱ्यानं पत्ता दिला. चल.”

“आजोबांबद्दल बोलतेय,” तालीन ओरडली.

“म्हातारा म्हणाली ती,” मागून कुणीतरी म्हणालं. “काका, ऐकलंस?”

“गप्प बसा, आता दाखवतील. मागचं दाखवतात नंतर. अशीच पद्धत असते,” वाझगेन म्हणाला. त्याने खात्रीसाठी वेंडलकडे पाहिलं. वेंडलने पडद्यावरची नजर हलवली नाही.

मग लिफ्ट आली.

घर हसून लोटपोट झालं. कुत्र्याने अदृश्य हात चाटायला सुरुवात केली तेव्हाच पहिला स्फोट झाला. म्हातारीने हवेकडे बघत, “चाळीस वर्षं सांगत होते, चपला आत आणू नकोस,” असं सुरू केलं, तेव्हा तालीन धावत्या इंग्रजीचं आजीला भाषांतर करू लागली, आणि आरुसच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ह्रांतकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, त्यावर बायका आणखी हसल्या. ह्रांतही हसला. मान मागे टाकून, मोठ्याने, मनापासून. तीन वर्षं वेंडल ज्या हशाची वाट बघत होता तो हाच, याहून मोठा मिळाला नसता. त्याला वाटलं, उठून टीव्हीची वायर उपटावी.

भाग संपला. जाहिरातींच्या शेजारी, पडद्याच्या एका पट्टीत बारीक अक्षरांत नावं सरकू लागली. तालीनने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा थांबवलं. “हे बघा. ह्रांत मझमान्यान.” नाव होतं. काही जणांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या अर्ध्यातच विरल्या. फुग्यांपैकी एक टीव्हीच्या कडेला घासून किरकिरत होता.

“काका कुठंय?” वाझगेनने विचारलं. ह्रांतला नाही, वेंडलला.

सगळे चेहरे त्याच्याकडे वळले. खरं सांगायची हीच वेळ होती. तीन वाक्यांचं काम होतं.

“चॅनेलवाल्यांनी कापलं,” वेंडल म्हणाला. “वेळ कमी पडला. मी... मी खूप भांडलो. पण त्यांच्यापुढं आमचं काही चालत नाही.”

तालीनने ते आर्मेनियनमध्ये सांगितलं, आणि घरात एकच गलका उठला. चॅनेलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. वाझगेनने वेंडलला उचलूनच घेतलं जवळजवळ. “तू भांडलास,” तो म्हणाला. “आमच्यासाठी भांडलास. देव तुझं भलं करो.” आरुसने त्याच्या हातावर हात ठेवला आणि थोपटत राहिली, आपल्या नवऱ्याचं नाही, याचंच काहीतरी गेलं असावं तशी.

ह्रांत उठला. “मी जरा सिगारेट ओढतो,” तो म्हणाला. “वेंडल-जान, चल, तुझं ते महत्त्वाचं राहिलंय.”

मागच्या गॅलरीत दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा होती. ह्रांतने काचेचं दार ओढून घेतलं. आतला आवाज मंद झाला.

“शुशानचा फोन आला होता,” तो म्हणाला. “माझी बहीण. बॉस्टनपाशी राहते. तिनं तीन तास आधी बघितलं. तू आलास ना, तेव्हा मी तिच्याशीच बोलून खाली उभा होतो.”

“म्हणजे तुम्हाला आधीच...”

“ती म्हणाली, ह्रांत, मी मध्ये पाणी प्यायला उठले होते रे, तेवढ्यात येऊन गेलास का?” ह्रांत किंचित हसला. “मी म्हटलं, हो, तेवढ्यातच.”

“मग तुम्ही सगळ्यांना सांगितलं का नाही?”

“काय सांगू? आरुस कालपासून पानं वळतेय. वाझगेननं दुकान बंद ठेवलं. माणसं जिना चढत होती. परत जा म्हणू? म्हटलं, जेवू तरी देत. निदान तेवढा वेळ सगळे खूश राहतील.”

“मी सांगायलाच आलो होतो.”

“दिसत होतं तुझ्या तोंडावर. म्हणून तर तुझ्या तोंडात घास घातला. दारात बोलला असतास तर आरुसनं ऐकलं असतं.” त्याने सिगारेट काढली, पण पेटवली नाही. “आता एक विचारतो. चॅनेलवाल्यांचं ते आतल्या लोकांसाठी ठीक आहे. मला खरं सांग. मी वाईट केलं का?”

“नाही. अजिबात नाही.”

“मला बरं वाटावं म्हणून नको. तिकडं मीसुद्धा नाटकं बसवलीत. वेळ कमी पडला की माणूस काय काढतो? जे जमलेलं नसतं, ते काढतो. मीही तेच केलं असतं.” त्याचा आवाज खाली आला. “मी मध्ये थांबलो होतो ना, ते जास्त झालं? टीव्हीत एवढं थांबत नाहीत, माहीत आहे मला. लोकांना वाटलं असेल, म्हातारा विसरला. संध्याकाळपासून मी तेवढंच धरून बसलोय. आत सगळे हसत होते, आणि मी मनात मोजत होतो, किती थांबलो, किती थांबलो.”

वेंडलने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस आता मरेपर्यंत तो एक थांबा मनात घोळवत राहणार होता. रात्री अंथरुणात, पुढच्या प्रत्येक कामाला, पुढचं काम मिळालं तर. त्यातून त्याला सोडवायचं असेल तर एकच गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती सांगितल्यावर वेंडलकडे स्वतःबद्दल चांगलं असं काहीच उरणार नव्हतं.

“चॅनेलनं नाही कापलं,” तो म्हणाला. “मी कापलं.”

ह्रांत त्याच्याकडे वळला.

“अडीच मिनिटं कमी करायची होती. मला विचारलं, तुमचा प्रवेश ठेवू की लिफ्ट. मी लिफ्ट म्हणालो. कुणाशी भांडलो वगैरे नाही. तुमचा प्रवेश त्या भागातला सगळ्यात चांगला होता, ते सगळ्यांना माहीत होतं, मलाही. म्हणूनच. तो बघून लोक म्हणाले असते, त्या म्हाताऱ्यानं काय काम केलंय. लिफ्ट बघून म्हणतात, हे लिहिलं कुणी.”

“ती कुत्र्याची?”

“हो.”

“मी हसलो तिला.”

“बघितलं मी.”

“म्हणजे मी वाईट नव्हतो.”

“नव्हतात. तो थांबा तर...” वेंडलने काचेतून आत पाहिलं. “दिग्दर्शकानं त्या बाईला हात करून अडवलं होतं. तुम्हाला दिसलं नसेल.”

ह्रांतने डोळे मिटले, आणि एक लांब श्वास सोडला. वेंडलला वाटलं, सुटला. आपणही सुटलो. तेवढ्यात ह्रांतने गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि त्याच्या बोटांची पेरं पांढरी झालेली वेंडलला दिसली.

“हे तू मला फोनवर सांगितलं असतंस ना,” तो सावकाश म्हणाला, “तर मी तुला आमच्या भाषेत अशा शिव्या दिल्या असत्या, की अर्थ कळला नसता तरी तुला झोप लागली नसती. फोन आपटला असता. आरुसला सांगितलं असतं, तिनंही दिल्या असत्या. दोघं मिळून महिनाभर तुला शिव्या देत बसलो असतो आणि मग विसरून गेलो असतो. नटाचं हे चालायचंच. पण तू घरी आलास. माझ्या बायकोच्या हातचं जेवलास, मी तुला माझ्या हातानं भरवलं. आता तू पाहुणा आहेस. आमच्यात पाहुण्याला वाकडा शब्द बोलत नाहीत. मग मी काय करू?”

“बोला तुम्ही. काहीही बोला मला.”

“नाही येत बोलता. तेच तर सांगतोय. प्रवेश घेतलास, ठीक आहे, तुझाच होता, तू लिहिला होतास. राग तरी माझ्यापाशी ठेवायचा होतास.”

आतून कुणीतरी काचेवर टकटक केली. वाझगेन ग्लास दाखवत होता.

“मी आत जाऊन सगळ्यांना खरं सांगतो,” वेंडल म्हणाला. “आत्ताच.”

“ते तू कुणासाठी सांगशील? तुला हलकं वाटेल. आणि आरुस रात्रभर रडेल, की मी त्या माणसाचे मुके घेतले. वाझगेन काय करील ते तर विचारूच नकोस.” ह्रांतने न पेटवलेली सिगारेट पाकिटात परत घातली. “मी आज तीन तास गप्प बसलो. आता तू बस.”

त्याने दार उघडलं आणि वेंडलच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत आणलं.

आत दिवे लागले होते. जर्दाळूच्या दारूचे छोटे ग्लास भरले गेले होते आणि सगळे उभे होते, घरच्या वडीलधाऱ्याच्या बोलण्याची वाट बघत. ह्रांतने ग्लास उचलला आणि आर्मेनियनमध्ये बोलू लागला. चेहरा मोकळा, आवाज स्थिर, कुठे जरासुद्धा चीर नाही. लोक हसले, मग गंभीर झाले. एका म्हातारीने डोळ्यांना रुमाल लावला. वेंडल शब्दही न कळता ऐकत होता, आणि त्याला वाटलं, इतका चांगला नट आपण आजवर पाहिला नाही.

“आजोबा म्हणतायत,” तालीन त्याच्या कानाशी कुजबुजली, “इतकी वर्षं इथं काम केलं, पण आमच्या घरी कधी कुणी आलं नाही. हा माणूस आला. कापलं गेलं होतं तरी आला, तोंड लपवून बसला नाही. आमच्यासाठी भांडला. जिंकला नाही, पण भांडला. म्हणून आजचा ग्लास त्याच्या नावानं.”

तीस हात वर झाले. सगळे वेंडलकडे बघत होते, प्रेमाने, आणि त्यांच्यामध्ये ह्रांतही बघत होता. अशा वेळी ग्लास पुरता रिकामा करायचा असतो, हे त्याला वाझगेनने मघाशीच बजावलं होतं. त्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. आरुसने त्याच्यासमोर पुन्हा ताट ठेवलं, आपल्या हाताने डोलमा वाढले, आणि तो खुर्चीवर बसून खाली मान घालून जेवू लागला.